थोरलेपण : वाटणीतले आणि जबाबदारीतले

जुन्या करारात ज्येष्ठत्वाला रोकडी किंमत आहे. अनुवादाच्या २१व्या अध्यायानुसार पहिल्या मुलाला दुप्पट वाटा मिळे. उत्पत्तीमधल्या भुकेल्या एसावाने मात्र हा हक्क भाकरी आणि मसुरीच्या वरणावर धाकट्या याकोबाला विकून टाकला.

आजच्या कायद्यात थोरल्याला जादा वाटा नाही. मृत्युपत्र न करता ख्रिस्ती गृहस्थ वारला, तर १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पत्नीला एक तृतीयांश मिळते; उरलेले मुलगे-मुली सारखे वाटून घेतात.

थोरलेपण उरते ते कामात. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९मध्ये वारले, तेव्हा ख्रिस्तचरित्रावरचे त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य सुरुवातीच्या अध्यायांपाशीच थांबले होते. पत्नी लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले; १९३६मध्ये त्याही गेल्या. शेवटचा अध्याय लिहिला तो त्यांच्या मुलाने, देवदत्त यांनी. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रातला दत्तू तो हाच. आधीची भावंडे लहानपणीच दगावल्याने थोरलेपण त्याच्याकडे आले होते. १९३८मध्ये ग्रंथ निघाला : आई, वडील आणि मुलगा, तिघांच्या हातचा.