कर्ट्झकींची मोजपट्टी: तीन लेख, 28 वर्षे

मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारावरच्या औषधचाचणीचा अहवाल उघडला, की संदर्भसूचीत एक नोंद बहुधा सापडतेच: जॉन कर्ट्झकी, ‘न्यूरॉलॉजी’ नियतकालिक, खंड 33, 1983. या एका लेखाचा आधार घेणाऱ्या शोधनिबंधांची संख्या दहा हजारांच्या पुढे गेली आहे. एवढा मोठा आकडा कसा उभा राहिला, ते कर्ट्झकींचे लेख कालक्रमाने वाचले की उलगडते.

आरंभ क्षयाच्या औषधापासून होतो. 1950च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमधील ब्राँक्सच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात आयसोनियाझिड हे औषध मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांना देऊन पाहण्यात आले. कर्ट्झकी (1926–2015) तेव्हा तिशीच्या आतले होते. लुई बर्लिन यांच्यासह त्यांनी 1954 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाचा सूर आशेचा आहे. पण या आजारात झटका येऊन गेल्यावर रुग्ण पुष्कळदा आपोआपही सुधारतो. सुधारणेचे श्रेय औषधाला द्यायचे की आजाराच्या स्वभावाला, हे ठरवायला आधी मोजमाप हवे. 1955 सालच्या अवघ्या चार पानांच्या लेखात ते मांडलेले दिसते: शून्य म्हणजे तपासणीत काहीही दोष नाही, दहा म्हणजे या आजाराने मृत्यू. पुढे 1957 मध्ये अनेक रुग्णालयांच्या एकत्रित चाचणीत आयसोनियाझिड निरुपयोगी ठरले. औषध मागे पडले. मोजपट्टी मात्र टिकली.

1961च्या लेखात कर्ट्झकींनी स्नायूंची ताकद, तोल, संवेदना, दृष्टी, मलमूत्रावरचा ताबा अशा कार्यांना वेगवेगळे गुण देण्याची पद्धत मांडली. 1983च्या लेखात त्यांनी 1 ते 9 पर्यंतची प्रत्येक पायरी दोन भागांत विभागली, कारण एका पायरीत फार वेगवेगळ्या अवस्थेतले रुग्ण एकत्र येत होते. सहावी पायरीच पाहा. 1955च्या पट्टीत चालायला आधार लागणारे सगळे तिथेच जमा होत. 1983 नंतर एका बाजूला काठी घेऊन सुमारे 100 मीटर जाणारा रुग्ण 6.0 वर आला आणि दोन्ही बाजूंनी सतत आधार घेऊन जेमतेम 20 मीटर जाणारा 6.5 वर. रुग्णाच्या लेखी हा अर्धा गुण म्हणजे एकट्याने रस्ता ओलांडता येणे आणि न येणे, इतका मोठा फरक.

चाचण्यांना नेमके हेच हवे होते. 1996 मध्ये इंटरफेरॉन बीटा-1ए या औषधाची प्रसिद्ध चाचणी छापून आली. रुग्ण या पट्टीवर किमान एका गुणाने खालावून तसाच राहायला किती काळ लागतो, हाच तिचा मुख्य निकष होता. त्यानंतर प्रत्येक नव्या औषधाला जुन्या औषधांशी तुलना करण्यासाठी तीच पट्टी वापरणे भाग पडले. संदर्भसंख्या वाढत गेली ती अशी.

पट्टीवरचे आक्षेपही खरे आहेत. मधल्या पायऱ्या जवळजवळ सर्वस्वी चालण्यावर ठरतात. हातांचे काम, थकवा आणि स्मरणशक्ती यांना पुरेसे वजन मिळत नाही. दोन ते तीन आणि सहा ते सात ही अंतरे सारखी नाहीत, त्यामुळे गुणांची सरासरी काढणे धोक्याचे. हे आक्षेप मांडणारे निबंधही 1983च्याच लेखाचा हवाला देतात. मोजणी वापर आणि टीका यांत भेद करत नाही.

कर्ट्झकींचे आणखी एक काम याच्या शेजारी ठेवून पाहावे. 1979 मध्ये काय हिलेस्टेड यांच्यासह त्यांनी फेरो बेटांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. 1940 मध्ये ब्रिटिश सैन्य बेटांवर उतरले आणि त्यानंतर तिथे या आजाराची साथ सुरू झाली, असा त्यांचा दावा होता. त्यावर कडाक्याचे वाद झाले, तरी ते दशकानुदशके त्या विषयाला धरून राहिले. त्या कामाला 1983च्या लेखाइतके संदर्भ मिळाले नाहीत, कारण साथीची मीमांसा मोजक्यांना लागते आणि मोजपट्टी सगळ्यांना.

म्हणून शास्त्रज्ञाची थोरवी संदर्भांच्या आकड्यावरून ठरवू नये. कर्ट्झकींचे खरे मोठेपण आपल्याच मोजपट्टीतल्या उणिवा 28 वर्षे दुरुस्त करत राहण्यात आहे, आणि त्याचा पुरावा 1955, 1961 व 1983 या तीन लेखांत आहे. संशोधकांच्या निवड समित्यांवर बसणाऱ्यांनी आकडा पाहण्याआधी असे लेख वाचावेत.