खिळ्यांचा पट आणि स्पेस कॅडेट

शाळेत असताना दादासोबत शहाड स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत जायचो. तो प्रोजेक्टची माहिती शोधायचा आणि मी शेजारच्या पीसीवर पिनबॉल खेळायचो. विंडोज एक्सपीमधला 'स्पेस कॅडेट': झेड दाबलं की डावा फ्लिपर, स्पेसबार सोडला की चेंडू वर. खरं पिनबॉल मशीन कधी पाहिलंच नव्हतं. तरी चेंडू 'खरा' वाटायचा. कशाच्या जोरावर?

उत्तर घरात, पलंगाखाली होतं. बाबांनी टिटवाळ्याच्या जत्रेतून आणलेला लाकडी पट: खिळे ठोकलेले, कोपऱ्यात स्प्रिंगची दांडी, सोबत पाच छर्रे. तुमच्याही घरी असेल कदाचित. त्याचं मूळ बॅगाटेल या युरोपीय खेळात आहे. आधी त्यात काठीने चेंडू ढकलत. १८७१ मध्ये माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी अमेरिकेत स्प्रिंगच्या दांडीचं पेटंट घेतलं. फ्लिपर आले थेट १९४७ मध्ये, गॉटलिब कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी' मशीनवर. तोवर चेंडू सुटला की बाकी सगळं नशिबावर. म्हणूनच न्यूयॉर्कने १९४२ मध्ये पिनबॉलला जुगार ठरवून बंदी घातली, ती १९७६ मध्ये उठली. आमचा पट फ्लिपर येण्याआधीच्या काळातला, तर स्पेस कॅडेट त्यानंतरचा. घराणं एकच.

मग कॉम्प्युटरवर हा चेंडू खरा कसा करायचा? उतार सोपा आहे. खऱ्या मशीनचा पृष्ठभाग साधारण साडेसहा अंशांनी कललेला असतो. त्यावर घरंगळणाऱ्या चेंडूचं त्वरण सेकंदाला सेकंद सुमारे ०.८ मीटर, म्हणजे मोकळ्या पडण्याच्या बाराव्या हिश्श्याइतकं. हे अकरावीचं फिजिक्स.

अवघड आहे ती टक्कर. कॉम्प्युटर काळ सलग पाहत नाही, तुकड्यांत पाहतो. सेकंदाला ६० तुकडे धरा. तीन मीटर वेगाचा चेंडू दोन तुकड्यांच्या मध्ये पाच सेंटिमीटर पुढे जातो. चेंडू जेमतेम २.७ सेंटिमीटरचा. मधे बारीक भिंत असेल तर एका क्षणी तो अलीकडे, पुढच्या क्षणी पलीकडे. धडक झालीच नाही! म्हणून चांगला प्रोग्राम चेंडूचा मार्ग आधीच मोजतो आणि धडक नेमकी कधी होणार ते काढतो.

स्पेस कॅडेट याच ठिकाणी अडखळला. सिनेमाट्रॉनिक्सने १९९५ मध्ये बनवलेला हा गेम व्हिस्टात का नव्हता, ते मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी २०१२ मध्ये सांगितलं. ६४ बिटवर आणताना चेंडू वस्तूंच्या आरपार जाऊ लागला, सुरुवातीलाच दांडीतून खाली पडू लागला. कोड बाहेरच्या कंपनीचा, जुना, जवळपास कॉमेंटशिवाय. चूक सापडेना, म्हणून गेमच काढला. हे वाचलं तेव्हा मी नोकरीत दुसऱ्याच कुणाचा तरी जुना कोड उलगडत होतो. हसू आलं नाही.

पण टक्कर अचूक मोजली तरी एक गोष्ट उरतेच. खऱ्या मशीनचं रबर झिजतं, धूळ बसते, एक पाय किंचित खाली जातो. आमचा पट डावीकडे कलायचा. बाबा पहिल्या पाळीहून आले की वर्तमानपत्राची घडी त्याच्या कोपऱ्याखाली सरकवायचे, एक छर्रा सोडून पाहायचे, पुन्हा घडी घालायचे. स्पेस कॅडेटचं टेबल मात्र प्रत्येक पीसीवर तेच, कधीच न झिजलेलं.

पुढे एका हौशी प्रोग्रामरने मूळ फाइल उलगडून स्पेस कॅडेटचा कोड पुन्हा उभा केला. आता तो फोनवरही चालतो. पट मात्र घर बदलताना आम्ही भंगारात दिला. त्याचे खिळे, उतार, छर्रे मी एका सुट्टीत कोडमध्ये उतरवू शकेन. पण बाबांनी घडी नेमकी किती जाड घातली होती, तो आकडा आता कुणाकडेच नाही.