नामित आर्ग्युमेंट व चलसंख्य पॅरामीटर
(संगणक प्रोग्रामिंग). फंक्शनला मूल्ये क्रमाने किंवा पॅरामीटरचे नाव घेऊन देता येतात. चलसंख्य पॅरामीटर क्रमाने उरलेली सगळी मूल्ये गोळा करतो. दोन्ही सोयी एकत्र आल्या की एकाच पॅरामीटरवर दोन मूल्ये हक्क सांगू शकतात.

समजा, ‘मार्ग’ या फंक्शनचे पॅरामीटर ‘सुरुवात’ आणि चलसंख्य ‘थांबे’ असे आहेत. ‘शेणवा’, ‘किन्हवली’ नुसती देऊन शेवटी सुरुवात=‘शहापूर’ लिहिले, तर माणसाला हेतू कळतो; पायथॉन मात्र ‘शेणवा’ आधीच ‘सुरुवात’मध्ये बसवते आणि टाइपएरर देते. नाव आधी लिहून थांब्यांची यादी तारांकनाने उलगडली तरी तेच. यादी रिकामी असेल तर मात्र सारे सुरळीत चालते, म्हणून हा दोष चाचणीतून सहज निसटतो.

पीएचपी ८.० (२०२०) मध्येही अशी पुनरुक्ती त्रुटीच ठरते. अनोळखी नावे मात्र चलसंख्य पॅरामीटरमध्ये नावासकट जमा होतात. ही उदारता जोखमीची, कारण नाव लिहिताना झालेली चूक त्यात खपून जाते.

पायथॉन ३.० (२००८) पासून ‘सुरुवात’ तारांकित (म्हणजे चलसंख्य) पॅरामीटरनंतर ठेवता येते. मग ती केवळ नावानेच द्यावी लागते. कोटलिनमध्येही चलसंख्य पॅरामीटरनंतरची साधी मूल्ये नावानेच देतात.