गिअरच्या मुठीवरचं बटण

विटगेनस्टाइनच्या १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स’मध्ये रेल्वे इंजिनाच्या केबिनचं एक उदाहरण आहे. आतल्या मुठी दिसायला जवळपास सारख्या, कारण सगळ्याच हाताने धरायच्या. पण एक झडप उघडते, दुसरी ब्रेक लावते, तिसरी पंप चालवते. त्याला सांगायचं होतं शब्दांबद्दल. आपण मात्र आज हे उदाहरण जरा शब्दशःच घेऊ आणि मोटारीतली एकच मूठ बघू, ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरची.

हौशी मंडळी कंपनीची मूठ काढून लाकडाची, अॅल्युमिनियमची, आत फूल गोठवलेल्या अॅक्रिलिकची मूठ बसवतात. मॅन्युअल गाडीत हा पाच मिनिटांचा खेळ: जुनी फिरवून काढा, नवी फिरवून बसवा. ऑटोमॅटिकमध्ये घोडं अडतं ते मुठीवरच्या बटणापाशी. आता हे बटण तिथे कशासाठी? त्यासाठी अमेरिकेत जावं लागतं.

जनरल मोटर्सची हायड्रामॅटिक ही पेटी १९४० सालच्या ओल्डस्मोबिलमध्ये आली. क्लच गेला, ड्रायव्हरचा डावा पाय मोकळा झाला. दांडा तेव्हा स्टिअरिंगखाली असे. त्याचा क्रम बघा: आधी न्यूट्रल, मग पुढे जाण्याच्या दोन जागा, आणि शेवटी रिव्हर्स. ‘पार्क’ अशी वेगळी जागाच नाही. पुढे १९५० सालच्या शेव्हरलेच्या पॉवरग्लाइडमध्ये पार्क आलं, पण रिव्हर्स शेवटीच राहिलं, ‘लो’ला अगदी खेटून. म्हणजे चढावर ‘लो’ टाकायला गेलेला हात एक घर पुढे सरकला, की गाडी उलटी. याचं समर्थनही होतं बरं का! बर्फात रुतलेली गाडी पुढे-मागे झुलवून काढायला हे सोयीचं, असं म्हणत. फोर्डने १९५१च्या फोर्डोमॅटिकमध्ये वेगळा क्रम घेतला: पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह, लो. आज तोच आपल्याला स्वाभाविक वाटतो. स्वाभाविक वगैरे काही नाही, तो ठरवावा लागला.

मधल्या काळात ड्रायव्हरच्या हाताला किती भाषा शिकाव्या लागल्या! क्रायस्लरने १९५६ ते १९६४ दांडाच काढून डॅशबोर्डवर बटणं दिली. फोर्डच्या एडसेलने १९५८ साली ती स्टिअरिंगच्या मधोमध, हॉर्नच्या जागी बसवली. एका गाडीतून उतरून दुसऱ्या गाडीत बसलेला माणूस चुकला, की दोष कोणाचा?

आपल्याकडे अशा वेळी ‘वेंधळेपणा’ हा शब्द तयार असतो. अमेरिकेतही तेच उत्तर होतं: गाडी ठीक, चालवणारा बेसावध. राल्फ नेडरने १९६५च्या ‘अनसेफ अॅट एनी स्पीड’ या पुस्तकात हे उत्तर नाकारलं. गिअरच्या क्रमाचा मुद्दा त्यात आहे. आम्हा तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की, चूक ही व्यक्तीच्या आत घडते, हा समजच त्याने हलवला. जी चूक अनेक माणसं एकाच जागी करतात, ती त्या जागेची असते. १९६६ साली वाहन-सुरक्षेचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६८पासून मानक क्रमांक १०२ लागू झालं: पुढच्या आणि उलट्या गतीच्या मध्ये न्यूट्रल असलंच पाहिजे, आणि पार्क असेल तर ते टोकाला, रिव्हर्सशेजारी.

प्रश्न तिथे संपला नाही. जीप ग्रँड चेरोकीत अलीकडे असा दांडा आला, जो ढकलला तरी परत मधोमध येऊन उभा राहायचा. पार्क पडलं की नाही, हे हाताला कळेना. २०१६ साली जगभरातल्या ११ लाखांवर गाड्यांसाठी दुरुस्ती जाहीर झाली. त्याच वर्षी जूनमध्ये अँटन येल्चिन हा तरुण नट स्वतःच्याच घरासमोर, मागे घरंगळलेल्या जीपने चिरडून गेला. क्रम बरोबर होता, पण मूठ बोलत नव्हती.

आता बटणाकडे येऊ. जमिनीवरच्या दांड्यात बहुधा आत एक सळई असते. बटण दाबलं की ती हलते आणि खाचेत अडकलेली खीळ सुटते. पार्कमधून निघायला आणि रिव्हर्समध्ये जायला हे दाबणं लागतं. म्हणजे ‘मला खरंच हे करायचंय’ असं हाताने एकदा सांगायचं. मॅन्युअलसाठी बनवलेल्या मुठीत सळईला ढकलायला काहीच नसतं. म्हणून जोडतुकडा घ्यावा लागतो, काहींत बोटांनी वर ओढायची कडी असते. आटेही जुळावे लागतात. नागमोडी खाचेतून दांडा फिरणाऱ्या गाड्यांत बटण नसतं, तिथे वाटेचं वळणच ते काम करतं, आणि मूठ बदलणं सोपं जातं. सळई कायमची दाबून ठेवणारी जुगाडं मात्र आम्हाला अजिबात मान्य नाहीत. ती मूठ देखणी दिसेल, पण हात चुकून लागला तरी सरकेल.

मारुतीने २०१४ साली सेलेरिओमध्ये जी स्वस्त ऑटोमॅटिक आणली, तिच्या दांड्यावर पार्क नाहीच, तिथे हँडब्रेकवरच भिस्त. अशा गाडीवर हात बसलेल्याने दुसऱ्या गाडीत बसताना जरा थांबून बघावं.

नवी मूठ बसवलीत तर सपाट जागी, हँडब्रेक ओढून, ब्रेकवर पाय ठेवून बटण न दाबता दांडा पार्कमधून ओढून बघा. तो हलला, तर जुनी मूठ परत बसवा.