तेल आयातीची किंमत पेट्रोल पंपाबाहेर कुठे मोजावी लागते?

भारताला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशातून येते. २०२२-२३ या आर्थिक वर्षात त्यावर सुमारे १५७ अब्ज डॉलर खर्च झाले. यातले काही तेल शुद्ध करून पेट्रोल-डिझेलच्या रूपात निर्यात होते, तरी उरणारा बोजा मोठाच असतो. आणि तो फक्त पंपावरच्या दरात दिसत नाही.

बॅरल स्वस्त, तरी तेल महाग कसे?

तेलाचे पैसे मुख्यतः डॉलरमध्ये चुकते करावे लागतात. २०१३-१४ मध्ये भारताला तेल सरासरी १०५ डॉलर प्रतिबॅरल दराने मिळत होते आणि एका डॉलरला साधारण ६० रुपये मोजावे लागत होते. म्हणजे १५९ लिटरचे एक बॅरल ६,३०० रुपयांच्या आसपास. २०२२-२३ मध्ये सरासरी दर ९३ डॉलर होता, पण डॉलर ८० रुपयांवर गेला होता. त्यामुळे तेच बॅरल ७,४०० रुपयांच्या पुढे गेले.

हे चक्र स्वतःलाच गती देते. तेल महागले की कंपन्यांना जास्त डॉलर विकत घ्यावे लागतात. डॉलरची मागणी वाढली की रुपयावर दबाव येतो आणि पुढची खेप आणखी महाग पडते. भारत वर्षाला साधारण १७० कोटी बॅरल आयात करतो. बॅरलमागे दहा डॉलर वाढले आणि ते वर्षभर टिकले, तर १७ अब्ज डॉलर जादा जातात. रुपया घसरला की खाद्यतेल आणि मोबाइलचे सुटे भागही महागतात. ज्याच्याकडे गाडीच नाही, तोही ही किंमत भरतो. नाशिकचा कांदा वाशीच्या बाजारात डिझेलवरच येतो.

१९९१ मध्ये काय झाले होते?

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर हल्ला केला आणि तेलाचे दर काही महिन्यांत दुपटीवर गेले. कुवेतमधल्या दीड लाखांहून अधिक भारतीयांना विमानाने परत आणावे लागले, म्हणजे त्यांच्याकडून येणारे पैसेही थांबले. देशाची परकीय गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. मे १९९१ मध्ये २० टन सोने स्वित्झर्लंडला गेले. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने आणखी सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवले. त्याच महिन्यात रुपयाचे दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले. संकटाचे मूळ ऐंशीच्या दशकातल्या उधारीत आणि तुटीत होते, हे खरे. पण धक्का दिला तो तेलाने.

सरकारने दर रोखून धरले तर?

बिल नाहीसे होत नाही, फक्त पुढे ढकलले जाते. २००५ नंतर काही वर्षे सरकारने तेल कंपन्यांना रोख अनुदानाऐवजी रोखे दिले. त्यांची परतफेड पुढच्या सरकारांच्या गळ्यात पडली आणि २०२० नंतरही चालू राहिली. उलट, २०१४ ते २०१६ दरम्यान तेल स्वस्त झाले तेव्हा उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवले गेले. महागाईत झळ आणि स्वस्ताईत कर, असा ग्राहकाचा अनुभव राहिला.

पर्याय काय?

उसापासून बनणाऱ्या इथेनॉलची चर्चा महाराष्ट्रात खूप होते. मात्र ते पेट्रोलमध्ये मिसळले जाते आणि देशात डिझेलचा खप पेट्रोलच्या दुपटीहून अधिक आहे. २०२२ नंतर सवलतीत मिळणाऱ्या रशियन तेलाचा वाटा दोन टक्क्यांखालून एक तृतीयांशावर गेला आणि त्यातून बचतही झाली. पण ऑगस्ट २०२५ मध्ये याच खरेदीचे कारण देत अमेरिकेने भारतीय मालावर २५ टक्के जादा आयातशुल्क लावले. त्याची झळ कापड आणि कोळंबीच्या निर्यातदारांना बसली, ज्यांचा तेलाच्या व्यवहाराशी काडीचाही संबंध नव्हता.