सर्व्हर मॉनिटरिंग म्हणजे काय? ते कसं सेट करतात?

फेब्रुवारी २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटीच्या २७ सर्व्हरवर रॅन्समवेअर हल्ला झाला. डेटा कुलूपबंद करून बिटकॉइनमध्ये खंडणी मागण्यात आली.

अशा हल्ल्यात फाइल्स एन्क्रिप्ट होऊ लागल्या की प्रोसेसरवरचा ताण आणि डिस्कवरचं लिखाण एकाएकी वाढतं. हे टिपण्याचं काम मॉनिटरिंग करतं. झॅबिक्स, नॅगिऑस, प्रोमिथियस ही त्यासाठीची मोफत मिळणारी सॉफ्टवेअर.

ती बसवणं सोपं. खरी डोकेदुखी इशाऱ्याची मर्यादा ठरवण्याची. प्रोसेसर क्षणभर ९० टक्क्यांवर गेला म्हणून रात्री २ वाजता फोन वाजू लागला, तर आठवड्याभरात तो फोन सायलेंटवर जातो. म्हणून ‘सलग ५ मिनिटं’ अशी अट घालतात. गुरुवारी महावितरणच्या दुरुस्तीसाठी वीज जाणार असेल, तर तेवढा वेळ आधीच ‘मेंटेनन्स’ म्हणून नोंदवतात.

मॉनिटरिंगचा सर्व्हर मात्र त्याच यूपीएसवर, त्याच नेटवर्कमध्ये नको. बाकीच्यांबरोबर तोही बंद पडला, तर इशारा येतच नाही आणि सगळं आलबेल वाटतं. त्यावर उपाय म्हणजे त्याने दर मिनिटाला बाहेरच्या एखाद्या सेवेला ‘चालू आहे’ असा संदेश पाठवायचा. संदेश थांबला की फोन तिथून येतो.