बिस्किटाआधीचा घास

आमच्या कोलशेतमध्ये कुत्र्याला खाऊ हवा म्हटलं की आधी ॲप उघडतं. पण विकतची डॉग बिस्किटं तशी अलीकडची. जेम्स स्प्रॅटने ती १८६०च्या सुमारास लंडनमध्ये बाजारात आणली.

त्याआधी? घरचाच घास! पारशी घरांत जेवताना कुत्र्याचा घास काढून ठेवायची रीत होती, 'कुत्रानो बूक'. त्यांच्या धर्मात कुत्रा पवित्र. अंत्यविधीतही त्याची नजर लागते. म्हणूनच १८३२ मध्ये मुंबईत सरकारी हुकुमाने भटकी कुत्री मारली जात होती, तेव्हा ६ जूनला पारशी भडकले. दुकानं बंद, कुलाब्याच्या सैन्याची रसद अडवली. पुढे काहींवर खटलेही चालले. आपल्या ताटातला वाटेकरी वाचवायला माणसं थेट सरकारला भिडली!

तो घास आपणही काढू शकतो. नाचणीच्या पिठात उकडलेला लाल भोपळा मळा, जाडसर लाटा, तुकडे करून मंद आचेवर कडक भाजा. मीठ, साखर, कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट अजिबात नको. गार झाल्यावर एक-दोनच द्या. हा खाऊ आहे, जेवण नाही.